व्हिजिटर व्हिसावर आलेल्या बाबांनी तुमची गाडी चालवली तर विमा लागू होतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी येत आहेत. बाबा ६६ वर्षांचे आहेत आणि त्यांनी आयुष्यभर गाडी चालवली आहे. नातवाला शाळेतून आणायला आणि आईला देवळात न्यायला आमची दुसरी गाडी वापरता येईल का, असं ते विचारतात. एक मित्र म्हणतो, विमा गाडीचा असतो, कोणीही चालवली तरी चालते. दुसरा म्हणतो, चुकूनही देऊ नकोस. कोणाचं ऐकू?"

मी अमेरिकेत बरीच वर्षं वाहन विम्याचा एजंट म्हणून काम करतोय आणि आपल्या मंडळींकडून हा प्रश्न मला सारखा येतो. तुमच्या पहिल्या मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. धोका आहे तो उरलेल्या अर्ध्यात. बाबांना गाडी देता येते, पण त्याआधी कंपनीला कळवून तिचं लेखी उत्तर हातात असायला हवं.

आधी हा गैरसमज येतो कुठून ते बघू. भारतातल्या खासगी गाडीच्या पॉलिसीत चालकाबद्दलचं कलम साधारण असं असतं की वैध परवाना असलेली आणि अपात्र न ठरवलेली कोणतीही व्यक्ती गाडी चालवू शकते. घरात कोण राहतं, कोण किती दिवस आलंय, हे सहसा कोणी विचारत नाही. शिवाय तिथे तिसऱ्या पक्षाचा मृत्यू किंवा इजा झाली, तर विमा कंपनीच्या जबाबदारीला रकमेची मर्यादा नसते. मर्यादा असते ती मालमत्तेच्या नुकसानीला, खासगी गाडीसाठी साडेसात लाख रुपये. अशा व्यवस्थेत आयुष्य काढलेल्या माणसाला 'विमा आहे म्हणजे आहे' असं वाटणं अगदी साहजिक आहे.

अमेरिकेत या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. प्रत्येक पॉलिसीवर रकमेची मर्यादा छापलेली असते आणि त्या रकमेच्या वरचं ज्याच्यावर दावा लागतो त्याच्या खिशातून जातं. आणि घरात गाडी चालवणारं कोण राहतं, याला इथे फार महत्त्व असतं, कारण प्रीमियम त्यावरच ठरतो.

आता तुमच्या मित्राच्या वाक्यातला बरोबर भाग. इथल्या बहुतेक पॉलिसींमध्ये तुमच्या गाडीपुरता विमा तुम्हाला मिळतो आणि तुमच्या परवानगीने गाडी चालवणाऱ्यालाही मिळतो. अशा चालकाला परमिसिव्ह यूजर म्हणतात. शेजाऱ्याने तुमची गाडी घेऊन फर्निचर आणलं आणि वाटेत कोणाला धडकला, तर पहिला विमा तुमचा लागतो. पाहुणा परदेशी आहे म्हणून यात काही बदलत नाही. गाडी चालवताना त्याच्याकडे त्या राज्यात चालणारा परवाना असला आणि तुमची परवानगी असली की झालं. दोन आठवड्यांसाठी आलेल्या चुलतभावाने एकदा विमानतळावर गाडी नेली, तर मी फारशी काळजी करणार नाही.

पण बाबा सहा महिने राहणार आहेत, त्यांची स्वतंत्र खोली आहे आणि रोज दुपारी ती गाडी तेच चालवणार आहेत. त्यांना पाहुणा म्हणायचं की घरातला रहिवासी? सगळा पेच इथे आहे आणि क्लेमच्या वेळी अॅडजस्टर, म्हणजे दाव्याची चौकशी करणारा कंपनीचा माणूस, नेमकं हेच खोदून काढतो. बाबा कधी आले, कधी जाणार, गाडी आठवड्यातून किती वेळा चालवतात, चावी कुठे असते, तुमच्याकडे परत मागावी लागते की त्यांच्याकडेच राहते, असे साधे वाटणारे प्रश्न फोनवर विचारले जातात आणि उत्तरं रेकॉर्ड होतात.

यात एक गुंता आहे, तो नीट समजून घ्या. नेहमीच्या पॉलिसीत 'कुटुंबीय' याचा अर्थ रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तकाच्या नात्याचा आणि तुमच्याच घरात राहणारा माणूस. म्हणजे बाबांना रहिवासी मानलं तर व्याख्येप्रमाणे ते विम्यात येतातच, हे तुमच्या फायद्याचं झालं. पण पॉलिसी घेताना आणि दर नूतनीकरणाला कंपनी घरातल्या सगळ्या चालकांची नावं विचारते, आणि तिथे बाबांचं नाव नसतं. मग कंपनी म्हणू शकते की तुम्ही महत्त्वाची माहिती लपवलीत. त्यावर कंपनी काय करेल, हे तिच्या करारावर आणि राज्याच्या कायद्यावर अवलंबून असतं. कोणी मागच्या तारखेपासूनचा प्रीमियम मागून क्लेम भरते, कोणी क्लेम नाकारते, तर कोणी पॉलिसीच सुरुवातीपासून रद्द ठरवू पाहते. कंपनी क्लेम भरेलच असं धरून गाडीची चावी देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

कंपन्यांचे नियमही एकसारखे नसतात. काही जणी पाहुणा किती दिवस राहिला की कळवायचं याची मुदत ठरवतात, काही 'नियमित वापर' हा निकष लावतात, आणि काही परदेशी परवानाधारकाला पॉलिसीवर घ्यायलाच तयार नसतात. म्हणून शेजारच्या मराठी कुटुंबाला त्यांच्या एजंटने काय सांगितलं, ते तुमच्या उपयोगाचं नाही, त्यांची कंपनी आणि त्यांचं राज्य तुमचंच असेल असं नाही.

तर करायचं काय? बाबांचं विमान सुटण्याच्या दोन-तीन आठवडे आधी एजंटला किंवा कंपनीला ईमेल करा. फोनवर बोललात तरी त्यानंतर 'आपलं असं बोलणं झालं' असा ईमेल टाका. त्यात वडिलांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, भारतीय परवान्याचा क्रमांक, येण्या-जाण्याच्या तारखा, कोणती गाडी आणि कशासाठी वापरणार, हे सगळं लिहा. मग सरळ विचारा: त्यांना परमिसिव्ह यूजर धरणार की चालक म्हणून नाव जोडावं लागेल? परमिसिव्ह यूजर धरलं, तर लायबिलिटीची (म्हणजे दुसऱ्यांना द्यायच्या भरपाईची) मर्यादा माझ्याइतकीच राहते की कमी होते? कोलिजन (धडकेत आपल्याच गाडीचं नुकसान) आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह (चोरी, आग वगैरे) लागू राहतात का, आणि डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, तेवढंच राहतं का?

मधला प्रश्न विसरू नका. काही पॉलिसींमध्ये असं कलम असतं की चालक नाव नोंदवलेला नसेल, तर संरक्षण राज्याच्या किमान मर्यादेपर्यंत खाली येतं. कॅलिफोर्नियात स्वस्त पॉलिसींमध्ये हे कलम मी अनेकदा पाहतो. डेक्लरेशन पेजवर, म्हणजे पॉलिसीच्या सारांशाच्या पानावर, तुम्हाला मोठे आकडे दिसतात, आणि बाबा चालवत असताना त्यातले थोडेच उरतात. आणखी एक, घरातल्या कोणाला तुम्ही कधी पॉलिसीतून 'वगळलेला चालक' म्हणून काढलं असेल, तर त्या माणसाला परवानगी देऊन काहीच साधत नाही. त्याने गाडी चालवली तर तुमच्या विम्याचा आधार धरू नका. मागच्या भेटीत प्रीमियम वाचवायला बाबांना असं वगळलं होतं का, तेही बघून घ्या.

नाव जोडायला सांगितलं तर जोडा. भारतातला ड्रायव्हिंग रेकॉर्ड इथल्या कंपनीला पाहता येत नाही, त्यामुळे कधी कधी त्यांना नवशिका धरून दर लावतात आणि आकडा बघून लोक दचकतात. पण तो भार तेवढ्याच महिन्यांचा असतो. बाबा परत गेले की त्याच दिवशी नाव काढायला सांगा, आपोआप कोणी काढत नाही.

आता मर्यादेबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून किमान लायबिलिटी अशी आहे: एका व्यक्तीच्या इजेसाठी ३०,००० डॉलर, एका अपघातातल्या सगळ्यांच्या इजेसाठी मिळून ६०,००० आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी १५,०००. त्याआधी कित्येक दशकं हे आकडे १५, ३० आणि ५ हजार होते. आकडे दुप्पट-तिप्पट झाले म्हणून निर्धास्त होऊ नका. इथे एका माणसाची शस्त्रक्रिया आणि रुग्णालयातले काही दिवस एवढ्यावर ३०,००० डॉलर सहज संपतात. समोरची गाडी नवी आणि महाग असली तर १५,००० मध्ये तीही भरून निघत नाही.

ज्यांच्याकडे घर आणि थोडीफार बचत आहे त्यांना मी इजेसाठी २,५०,००० आणि ५,००,०००, तर मालमत्तेसाठी १,००,००० घ्यायला सांगतो, आणि वर दहा लाख डॉलरची अंब्रेला पॉलिसी, म्हणजे गाडीच्या विम्याची मर्यादा संपल्यावर लागू होणारा जादा विमा. अंब्रेला कंपन्या खालच्या पॉलिसीवर साधारण एवढ्या मर्यादा मागतातच. बाबांसारखा परवानगीने चालवणारा अंब्रेलात येतो का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या.

"पण गाडी बाबा चालवत होते, माझ्यावर दावा कसा?" हे मला लोक विचारतात तेव्हा बहुतेकदा अपघात होऊन गेलेला असतो. कॅलिफोर्नियात परवानगी देणाऱ्या मालकावर कायद्यानेच जबाबदारी येते. ती ठराविक रकमेपुरती बांधलेली आहे. मात्र हा माणूस सुरक्षित गाडी चालवू शकणार नाही हे माहीत असून किंवा माहीत असायला हवं असूनही तुम्ही चावी दिलीत, असं सिद्ध झालं तर तो तुमचा स्वतःचा निष्काळजीपणा ठरतो आणि तिथे ती मर्यादा आड येत नाही. बाबांना रात्री नीट दिसत नसेल, गुंगी आणणारं औषध चालू असेल, तर हा मुद्दा तुम्हाला थेट लागू होतो. दुसऱ्या राज्यांत चित्र आणखी वेगळं आहे. न्यूयॉर्कमध्ये परवानगीने चालवणाऱ्याच्या निष्काळजीपणाची जबाबदारी वाहन कायद्याच्या कलम ३८८ प्रमाणे मालकावर येते. फ्लोरिडात न्यायालयांनी १९२० पासून गाडीला 'धोकादायक साधन' मानून मालकाला जबाबदार धरलं आहे.

आणि काळाचा हिशेब बघा. कॅलिफोर्नियात इजेचा दावा दाखल करायला सर्वसाधारणपणे २ वर्षं मिळतात. बाबा सहा महिन्यांत घरी जातील, नोटीस येईल तेव्हा पत्त्यावर तुम्ही असाल. पॉलिसीप्रमाणे विमाधारकाने आणि चालकाने कंपनीला सहकार्य करायचं असतं, जबाब द्यायचा असतो. बाबांना परत गेल्यावरही फोनवर, व्हिडिओवर उपलब्ध राहावं लागेल, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. तो क्लेम तुमच्या नावावर नोंदला जातो आणि क्लेमची ही नोंद ७ वर्षांपर्यंत विमा कंपन्यांना दिसते.

परवान्याकडे वळतो. कॅलिफोर्नियात १८ वर्षांवरच्या पाहुण्याला आपल्या देशाच्या वैध परवान्यावर गाडी चालवता येते. आंतरराष्ट्रीय परमिट, म्हणजे आपण ज्याला आयडीपी म्हणतो, त्याला इथलं डीएमव्ही (राज्याचं वाहन आणि परवाना खातं) परवाना मानत नाही. ते मूळ परवान्याचं भाषांतर असतं आणि मूळ परवान्याशिवाय त्याला किंमत नाही. तरीही बाबांना ते घेऊन यायला सांगा. दुसऱ्या राज्यात फिरायला गेलात, भाड्याची गाडी घेतलीत किंवा पोलिसाने थांबवलं, तर ते उपयोगी पडतं. भारतात ते आरटीओकडून, परिवहनच्या सारथी पोर्टलवरून काढतात. ते १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलं जातं आणि जास्तीत जास्त एक वर्ष चालतं. भारतीय परवान्यावर आयडीपी देण्याचा अधिकार अमेरिकेतल्या कोणत्याही संस्थेला नाही. इंटरनेटवर 'इंटरनॅशनल लायसन्स' विकणाऱ्यांना एक पैसाही देऊ नका, ती फसवणूक आहे.

मूळ परवान्याची तारीख मात्र स्वतः तपासा. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीनंतर भारतात ५५ वर्षं पूर्ण झाल्यावर काढलेला किंवा नूतनीकरण केलेला परवाना ५ वर्षांसाठीच मिळतो. म्हणजे ६६ वर्षांच्या माणसाचा परवाना इथल्या मुक्कामातच संपण्याची शक्यता बरीच असते. त्याच दुरुस्तीने मुदत संपल्यानंतरची ३० दिवसांची जुनी सवलत गेली, पण मुदतीच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो. मुदत संपलेल्या परवान्यावर अपघात झाला, तर कंपनीच्या हाती आयता मुद्दा जातो. भारतातून निघण्याआधीच नूतनीकरण करून घ्या.

बाबांच्या स्वतःच्या इजेचं काय, हे कोणी विचारत नाही. प्रवासी आरोग्य विमा घेतला की सगळं आलं असं वाटतं. तो विमा दुसऱ्याच्या इजेची किंवा गाडीची भरपाई करत नाही, आणि स्वतःच्या इजेवरही ठराविक रकमेपर्यंतच पैसे देणाऱ्या स्वस्त योजना बाजारात पुष्कळ आहेत. कॅलिफोर्नियाच्या तुमच्या पॉलिसीवर मेडिकल पेमेंट्स हा ऐच्छिक भाग असतो. तो गाडीत बसलेल्या माणसांच्या उपचारांना लागू होतो, चूक कोणाची का असेना. प्रीमियमच्या मानाने तो स्वस्त असतो. आई-बाबा येणार असतील तर जरूर घ्या. विमा नसलेल्या वाहनाने धडक दिल्यावर उपयोगी पडणारा भागही काढून टाकला नाहीये ना, ते बघा.

हेच उत्तर वाचणाऱ्या मिशिगनच्या लोकांसाठी एक वेगळी सूचना. तिथे अपघातातल्या उपचारांचा खर्च 'नो-फॉल्ट' पद्धतीने, म्हणजे चूक कोणाची हे न बघता, मिळतो, पण २०१९ च्या सुधारणेनंतर राज्याचा रहिवासी नसलेल्याला तो मिळत नाही, त्याच्या मालकीची गाडी मिशिगनमध्ये नोंदवलेली आणि विमा उतरवलेली असेल तरच मिळतो. व्हिजिटर आई-वडील साधारणपणे या हक्काबाहेर पडतात. तिथे आरोग्य विमा चांगला आणि अपघाती इजेला पूर्ण लागू होणाराच घ्या. याउलट न्यूयॉर्कच्या नो-फॉल्टमध्ये गाडीतल्या पाहुण्यालाही ५०,००० डॉलरपर्यंतचं मूळ संरक्षण असतं.

भाड्याच्या गाडीत लोक हमखास फसतात. तुम्ही गाडी भाड्याने घेतलीत आणि तुम्हीच चालवलीत, तर तुमची पॉलिसी बहुधा तिला लागू होते. बाबांनी स्वतःच्या नावावर घेतली, तर तुमच्या पॉलिसीवर विसंबू नका. तुम्ही घेऊन त्यांना जादा चालक म्हणून लिहिलंत, तरी अनेक पॉलिसींमध्ये परवानगीचं ते कलम तुमच्या मालकीच्या, पॉलिसीवर नोंदवलेल्या गाडीपुरतं असतं. म्हणून काउंटरवर गाडीच्या नुकसानीची माफी (गाडीचं नुकसान झालं तर भाड्याची कंपनी ते तुमच्याकडून मागत नाही) आणि जादा लायबिलिटी, दोन्ही घ्या. इथे पैसे वाचवायला जाऊ नका. तुमच्या क्रेडिट कार्डाचं संरक्षण लायबिलिटी देत नाही.

गाडी लीजवर असेल तर लीजच्या करारात कोणाला चालवायची मुभा आहे ते वाचा. कंपनीने दिलेली गाडी असेल तर बाबांना देऊच नका.

कंपनीचं उत्तर आलं, परवाना ठीक आहे, तरी पहिला आठवडा चावी देऊ नका. प्रवासाचा थकवा उतरू दे. मग तुम्ही शेजारी बसून रिकाम्या रस्त्यांवर आणि शाळेच्या वाटेवर काही फेऱ्या करा. स्टिअरिंग डाव्या बाजूला असल्याने अनुभवी माणूसही वळताना चुकीच्या बाजूला शिरतो, आणि गर्दीच्या रस्त्यापेक्षा मोकळ्या रस्त्यावर हे जास्त होतं. स्टॉप साइनला चाकं पूर्ण थांबवणं, लाल दिव्यावर उजवीकडे वळण्याआधी थांबणं, शाळेच्या बसचे लाल दिवे लुकलुकत असताना थांबणं, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. नातू ८ वर्षांखालचा असेल तर तो मागच्या सीटवर, त्याच्या वयाच्या कार सीटमध्ये किंवा बूस्टरवरच बसला पाहिजे. त्या सीटचा पट्टा लावायला बाबांना शिकवा.

विम्याचं कार्ड, गाडीची नोंदणी आणि तुमचा फोन नंबर असलेला कागद गाडीत ठेवा. अपघात झाला तर बाबांनी अपघाताची जागा सोडून निघून जायचं नाही. कोणी जखमी असेल तर ९११ ला फोन करायचा. मग समोरच्याच्या परवान्याचे आणि विमा कार्डाचे फोटो घ्यायचे आणि तुम्हाला फोन लावायचा. आपल्याकडे माणूस पटकन "माझंच चुकलं" म्हणून प्रकरण मिटवतो, किंवा पन्नास-शंभर डॉलर काढून देतो. तसं करू नये. जे घडलं तेवढंच सांगावं, चूक कोणाची हे इतरांना ठरवू द्यावं. कॅलिफोर्नियात कोणाला इजा झाली किंवा नुकसान १,००० डॉलरच्या वर गेलं, तर चालकाला १० दिवसांत डीएमव्हीकडे एसआर-१, म्हणजे अपघाताची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो. पोलिसांनी रिपोर्ट घेतला असला तरी हा फॉर्म वेगळा असतो. अपघात परतीच्या तिकिटाच्या आदल्या दिवशी झाला तरी तो भरायचाच.

एक खुलासा राहिला. हे सगळं व्हिजिटर म्हणून आलेल्यांसाठी आहे. एच-४ वर (इथे नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर) आलेली पत्नी किंवा ग्रीन कार्डवर आलेले आई-वडील हे पाहुणे नव्हेत. कॅलिफोर्नियात वास्तव्य सुरू झालं की १० दिवसांत इथल्या परवान्यासाठी अर्ज करायचा असतो, आणि पॉलिसीवर त्यांचं नाव पहिल्या दिवसापासून हवं.

आणि कंपनीने बाबांना घ्यायला नकार दिला तर? आधी दुसऱ्या कंपनीकडे चौकशी करा, भारतीय परवाना स्वीकारणाऱ्या कंपन्या आहेत. तोवर गाडी उभी राहू द्या. नातवाला शाळेतून आणायची दुसरी सोय लावा आणि बाबांना खरं कारण सांगा. "तुम्हाला जमणार नाही" असं त्यांना वाटू देऊ नका. त्यांच्या चालवण्यावर तुमचा विश्वास आहे, फक्त या घटकेला पॉलिसीत त्यांना जागा नाही, हे शब्द त्यांना ऐकू येऊ द्या.